श्वास सोडायचा नाही

पेच्चियम्माळ घोरत नाही, असं तिच्या घरात ठरलेलं होतं. ती झोपली की भिंतीवरच्या मुरुगनच्या तसबिरीची काच थरथरायची, ओट्याखालचं कुत्रं उठून पलीकडच्या घरी जायचं, पण ठरलं म्हणजे ठरलं. तिच्या नवऱ्यानं, सुडलैमुत्तूनं, लग्न नवं असताना एकदा विषय काढून पाहिला होता. "मी? मी घोरते?" म्हणून ती अशी काही रडली, की त्यानं कानाला खडा लावला. कोविलपट्टीत बायकोला घोरतेस म्हणणं म्हणजे तिला दाढी आहे म्हणण्यासारखंच.

त्यात सासू होती. सून दुपारची भिंतीला टेकून पेंगली की ती "मूदेवी!" म्हणून ओरडायची. मूदेवी म्हणजे आपली अक्काबाई, लक्ष्मीची थोरली बहीण. तमिळ घरांमध्ये झोपेचं खातंही तिच्याचकडे असतं. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो शब्द पेच्चीच्या मनातून गेला नाही. घोरणारी बाई म्हणजे मूदेवी, आणि मूदेवीच्या पोटची पोर कोण करून घेईल?

खरं सांगायचं तर घोरण्यानं सुडलैमुत्तूचं काही बिघडलं नव्हतं. गिरणीच्या शेजारी राहणारी माणसंही झोपतातच. त्याची झोप गेली ती घोरणं थांबायचं म्हणून. चढत चढत आवाज टिपेला जायचा आणि एकाएकी बंद. छाती हलायची, पोट हलायचं, पण नाकातोंडातून वारा नाही. मग हा कोपरानं ढोसायचा, ती दचकून 'घ्र्रक' करायची, आणि गाडी पुन्हा सुरू. ढोसलं नाही तरी बहुतेक वेळा ती आपली आपण दचकायचीच. पण 'बहुतेक' या शब्दावर बायको सोडून झोपायची छाती त्याला झाली नाही. इतक्या वर्षांत त्याच्या डोळ्याला सलग डोळा लागला नाही, आणि याची वाच्यता त्यानं कुणाकडे केली नाही.

तो शेंगदाण्याची चिक्की बनवणाऱ्या एका कारखान्यात गुळाचा पाक बघायचा. कढईसमोर उभ्या उभ्या डुलकी लागून पाक दोनदा करपला, तेव्हा मालकानं त्याला कढईवरून उठवून चिक्क्या कागदात गुंडाळायला बसवलं, पोरीबाळींच्या रांगेत. पेच्चीही दिवसभर पेंगायची, कारण रात्रभर गुदमरणाऱ्या माणसाची झोप कसली झोप? नवरा-बायको एकमेकांकडे बघून जांभया द्यायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, "या घरात मूदेवीनं जोडीनं बिऱ्हाड केलंय."

तर अशा घरातल्या लेकीला, पोन्मणीला, सात्तूरचं स्थळ आलं. मुलगा तूत्तुकुडीच्या बंदरात कामाला, माणसं सरळ, मागणं काही नाही. मुलाची आई आवुडैयम्माळ हिनं मुलगी पाहिली, पसंत केली आणि शुक्रवारी फूल माळायला येतो म्हणून सांगून गेली. मुलीच्या केसात सासरचं फूल माळलं गेलं की शब्द पक्का झाला. तोवर काही खरं नाही. तोवर शेजारीण, मामी, न्हावी, कुणीही एक वाक्य बोलून स्थळ मोडू शकतं.

पेच्चीनं घर सारवल्यासारखं धुऊन काढलं. हातांना मेंदी लावली, त्यांच्याकडच्या पद्धतीनं, दाही बोटांच्या पेरांवर टोप्या घातल्यासारखी. मंगळवारी संध्याकाळी ओट्यावर बसून अबोलीचे गजरे ओवत असताना तिला डुलकी लागली आणि ती ओट्यावरून खाली गेली. डावं मनगट मोडलं. पदरात फुलं तशीच.

रिक्षात ती कळवळत होती, पण काळजी वेगळीच. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "अहो, दवाखान्यात नाही नाही ते विचारतात. शुक्रवार होईपर्यंत मूच्चु विडक्कूडादु."

गुपित फोडू नका हे सांगायला तमिळमध्ये असंच म्हणतात: श्वास सोडायचा नाही. आपण ब्र काढायचा नाही म्हणतो, तसं.

"कशाबद्दल?" सुडलैमुत्तूनं भोळेपणानं विचारलं.

"कशाबद्दल ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. इतक्या वर्षांत या विषयाच्या एवढ्या जवळ ती कधी आली नव्हती.

दवाखाना लहानच होता, बसस्टँडच्या मागे. रात्री हाताला फळी बांधली, सकाळी गुंगी देऊन हाड बसवायचं ठरलं. पेच्ची दुखण्यानं झोपली नाही आणि ती झोपली नाही म्हणून सुडलैमुत्तूही नाही. सकाळी बघतात तो, आवुडैयम्माळ दारात हजर! पिशवीत मोसंबी, अंबाड्यात मोगरा, बरोबर कुणी नाही. बातमी लग्न जुळवणाऱ्यानं पोचवली होती.

"विहीणबाई, असं कसं हो पडलात?" ती आत येत म्हणाली. फूल माळायच्या आधीच विहीणबाई म्हणाली, म्हणून पेच्चीचं दुखणं क्षणभर पळालं.

"पाय घसरला," पेच्ची म्हणाली.

"ओट्यावर बसल्या बसल्या पाय घसरला?" आवुडैयम्माळ हसली. तिचं हसणं मोठं आणि डोळे बारीक. काही सुटायचं नाही त्यांतून. ती पडद्यालगतच्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

एवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर तिलकवती आल्या. त्या दिवशी त्यांना आणखी दोन दवाखाने करायचे होते, ते चालण्यावरूनच कळत होतं. त्यांनी पेच्चीचं तोंड उघडून पाहिलं, जाड मान बोटांनी चाचपली, रक्तदाब घेतला. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला तर यंत्र टीं टीं करायला लागलं. "ही मेंदी बरी नडतेय," म्हणत त्यांनी तो काढून कानाच्या पाळीला लावला, तेव्हा आकडा नीट आला. मग त्यांनी विचारलं, "झोपेत घोरता का?"

"छे छे," पेच्ची म्हणाली.

"श्वास अडून दचकून जाग येते?"

"मला? कधीच नाही."

"ज्याचं त्याला कळत नाही. बरोबर झोपणाऱ्याला कळतं." डॉक्टर सुडलैमुत्तूकडे वळल्या. "तुम्ही सांगा, अण्णाच्ची. या घोरतात?"

पेच्ची नवऱ्याकडे बघत होती. पडद्यालगत मोसंबी सोलणारे हात थांबले होते. सुडलैमुत्तूच्या जिभेवर सगळं तयार होतं. किती वर्षांपासून तयार होतं! विचारणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि आज भेटलं तर हे असं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

"दमली की थोडंसं," तो म्हणाला. "चारचौघांसारखंच."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि त्या गेल्या. पडद्यालगत मोसंबी पुन्हा सोलली जाऊ लागली.

हाड व्यवस्थित बसलं. बाहेर आल्यावर डॉक्टर तिलकवती तोंडावरचं फडकं खाली ओढत म्हणाल्या, "गुंगीत जीभ मागे पडून श्वास अडत होता. आम्ही हनुवटी उचलून धरून बसलो होतो. आता जाग्या आहेत. उशीला टेकवून बसतं ठेवा. आणि नक्की ना, घरी असं काही होत नाही?"

असा दुसरा मोका नशीब सहसा देत नाही. पण आवुडैयम्माळ शेजारीच उभी होती, त्याच्या खांद्याला खांदा लावून. काळजीनंच उभी होती बिचारी. सुडलैमुत्तूनं तोंडात मिठाची गुळणी धरली आणि नुसती मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपार झाली. पोन्मणी दहीभात ठेवून दुकानावर कामाला गेली. गुंगी उतरली तसं पेच्चीचं मनगट ठणकू लागलं. विहिणीसमोर विव्हळायचं नाही म्हणून तिनं दात आवळले, पण दातांमधूनही आवाज येतच होता. शेवटी आवुडैयम्माळच बाहेर जाऊन सिस्टर जेबाराणीला घेऊन आली.

"अहो सिस्टर, या बाईला झोप येईल असं काहीतरी द्या की. बघवत नाही."

"देते, अक्का. डॉक्टरांनी लिहूनच ठेवलंय." जेबाराणीनं सुई टोचली, बोटाला चिमटा लावला आणि ती पलीकडच्या खोलीत गेली. तिच्या अंगावर सगळा मजला होता.

ठणका ओसरला तशी पेच्ची उशीवरून घसरत घसरत आडवी झाली आणि झोपली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आधी नाकात शिट्टी, मग घशात घरघर, मग लाकूडकापणीच सुरू.

सुडलैमुत्तू मोठ्यानं खोकला. मग पुन्हा खोकला. मग त्यानं पडद्यापलीकडच्या खाटेकडे हात करून सांगितलं, "ते म्हातारबाबा आहेत ना पलीकडे, फार घोरतात."

"ते मघाशीच घरी गेले," आवुडैयम्माळ म्हणाली.

आवुडैयम्माळ पेच्चीचा चांगला हात हातात घेऊन निरखत होती. "मेंदी काय रंगलीय हो! नवऱ्याचा जीव असला की अशी रंगते, म्हणतात." तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला लाजावं की पळून जावं ते कळेना. घोरण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिला ऐकूच आलं नाही, की ऐकून तिनं मनात ठेवलं? सुडलैमुत्तू याच विचारात होता, आणि आवाज टिपेला जाऊन थांबला.

त्याचं कोपर आपोआप उचललं गेलं. सवयच ती. पण कोपर पोचेल एवढ्या जवळ तो नव्हता, आणि खाट आणि तो यांच्यामध्ये विहीण बसली होती. आजारी बायकोला ढोसायला उठावं, तर का म्हणून सांगावं? येईल, त्यानं मनाशी म्हटलं, दचकेल आपली आपण. घरी दचकतेच की.

यंत्र टीं टीं करायला लागलं. जेबाराणी धावत आली, तिनं आकडा पाहिला, पेच्चीची बोटं पाहिली आणि सुस्कारा सोडला. "या मेंदीनं वैताग आणलाय! सकाळीही असंच झालं होतं म्हणे. शांत झोपल्यात, झोपू द्या." तिनं आवाज बंद केला आणि ती पलीकडच्या हाकेला ओ देत गेली.

आता खोलीत काहीच आवाज नव्हता. घोरणं नव्हतं, यंत्र नव्हतं, विहीणसुद्धा गप्प. पंखा तेवढा फिरत होता. भिंत गार होती. सुडलैमुत्तूनं डोकं तिला टेकवलं. ही शांतता त्याला ओळखीची होती. हिच्यात झोपायचं नसतं, हे त्याच्या हाडांना माहीत होतं. पण आदल्या रात्रीचं जागरण आणि त्यामागची सगळी वर्षं पापण्यांवर येऊन बसली होती, आणि शांतता फार गोड होती. पाचच मिनिटं, त्याला वाटलं. दवाखाना आहे, सिस्टर आहे, विहीण आहे. आज माझी पाळी नाही. त्याचे डोळे मिटले.

किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. फार नसावा. फार असता तर ही गोष्ट सांगायला तोंड उरलं नसतं.

तो जागा झाला तेव्हा आवुडैयम्माळ पदरानं पेच्चीला वारा घालत होती. त्याच्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. तान्ह्या बाळासारखी झोपलीय बघा. हूं का चूं नाही."

सुडलैमुत्तूनं पेच्चीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती, पोटही हलत नव्हतं. घरी श्वास अडला तरी छाती झगडायची, दार ठोठावणाऱ्या माणसासारखी. इथं आत कुणी ठोठावतच नव्हतं. ओठ जांभळ्या वांग्यासारखे झाले होते.

तो विहिणीला जवळजवळ ढकलूनच खाटेवर गेला. "पेच्ची! अगं ए पेच्ची!" त्यानं तिचे खांदे गदागदा हलवले. "सिस्टर! सिस्टर!"

"अहो, काय करताय? झोपू द्या की तिला!" आवुडैयम्माळ किंचाळली.

"झोपली नाहीये ती! तिचा श्वास थांबतो!" तो ओरडला. गळ्यात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "घोरते ती! लग्न झाल्यापासून घोरते, आणि रोज रात्री श्वास थांबतो तिचा! मी ढोसतो तेव्हा सुरू होतो! रोज! मी सकाळी खोटं बोललो!"

जेबाराणी धावत आली. तिनं ओठ पाहिले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण हात थांबले नाहीत. खाटेचं डोकं वर केलं, हनुवटी पुढं ओढून धरली, रबरी पिशवीचा मुखवटा तोंडावर दाबला आणि पिशवी पिळायला लागली. एका पोरीला डॉक्टरांना आणायला पिटाळलं. चार-सहा दाब झाले तसा ओठांचा रंग निवळला आणि पेच्चीचे डोळे किलकिले झाले. जेबाराणी तिच्या कानात ओरडली, "मूच्चु विडुंगम्मा! मूच्चु विडुंग!"

तमिळचा घोळ असा, की श्वास घे म्हणायलाही तेच शब्द: श्वास सोड. पेच्चीनं जडपणे मान हलवली.

"नाही," ती पुटपुटली. "नाही सोडणार... शुक्रवारपर्यंत..."

"काय म्हणतायत?" जेबाराणी गोंधळली.

सुडलैमुत्तूला कळलं. त्याला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हीला वेळ नव्हता. तो तिच्या तोंडाशी वाकला. "पेच्ची, सांगून झालं सगळं. सगळ्यांना सांगितलं मी. आता सोड. सोड श्वास!"

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. नशेतही तो डोळा त्याला भाजला. पण तिनं श्वास घेतला, मोठा आणि खडखडीत. मग डोळे मिटले आणि पुन्हा सगळं थांबलं.

तोवर डॉक्टर तिलकवती पोचल्या होत्या. जिना चढताना त्यांनी अर्धं ऐकलंच होतं. त्या उताऱ्याचं औषध भरता भरता म्हणाल्या, "सांगत राहा. सांगितलं की घेतायत. थांबू नका."

"पेच्ची, श्वास सोड." तिनं घेतला. "सोड." पुन्हा घेतला. "पेच्ची, सोड." प्रत्येक श्वास मागून घ्यावा लागत होता. घरी कोपर चालायचं, इथं नुसती जीभ. त्याचा घसा कोरडा पडला, आवाज फाटला, आणि एकदा तर शब्दच उमटला नाही.

"विहीणबाई, श्वास सोडा!" आवुडैयम्माळ खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली होती. तिचा आवाज बाजारात भाव पुकारल्यासारखा खणखणीत. "सोडा म्हणते ना! मुलाची आई सांगतेय, ऐका!" आणि पेच्चीनं ऐकलं. त्या गुंगीतसुद्धा विहिणीचा शब्द मोडायची तिची तयारी नव्हती.

औषध अंगात भिनलं तशी पेच्ची पूर्ण जागी झाली, ओकली, आणि मनगट दुखतंय म्हणून रडायला लागली. तिच्या त्या रडण्यानं खोलीतल्या चौघांनाही हायसं वाटलं.

डॉक्टरांनी सुडलैमुत्तूला बाहेर बाकावर बसवलं. त्या रागावल्या होत्या, पण राग धरून बसायलाही त्यांच्यात त्राण दिसत नव्हतं. "माणूस झोपला तरी मेंदूचा एक कोपरा जागा असतो," त्या म्हणाल्या. "श्वास अडला, रक्तातली खराब हवा वाढली, की तो कोपरा हाका मारून उठवतो. तुमची बायको रोज दचकून उठते ती त्यामुळं. दुखणं मारायच्या सुईनं तो कोपराच झोपवला. खराब हवा कितीही वाढू दे, हाक मारणारं कुणी उरलं नाही. कान तेवढे जागे होते, म्हणून तुमचं ऐकून श्वास घेत होती. मला सांगितलं असतंत तर ती सुई मी लिहिलीच नसती. सकाळी एकदा विचारलं, नंतर एकदा विचारलं. मेंदीचं मात्र आमचं चुकलं. कानाला लावायला सांगून जायला हवं होतं मी."

"माझीच चूक," सुडलैमुत्तू म्हणाला.

"चूक वाटून घेऊन काय करायचंय?" डॉक्टर डोळे चोळत उठल्या. "बऱ्या झाल्या की यांना मदुरैला न्या. रात्री नाकावर लावायचं यंत्र मिळतं. रोग आहे हा, बदनामी नाही."

त्या गेल्यावर आवुडैयम्माळ बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मघाचा खणखणीतपणा गेला होता. तिनं कमरेची पिशवी उघडली, पान काढलं, आणि न लावताच परत ठेवलं.

"माझ्यासाठी लपवलंत ना?" तिनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली.

"मी तिथं वारा घालत होते, अण्णाच्ची. एवढी शांत झोपलीय म्हणून कौतुक करत होते. माझ्या हाताखाली गेली असती की हो बाई!" तिचा आवाज चढला. "मी कोण लागून गेले? घोरते म्हटलं असतंत तर मी काय सात्तूरभर दवंडी पिटली असती?"

"पिटली नसतीत?" तो म्हणाला. एरवी असं बोलायची त्याची हिंमत झाली नसती. पण तो आता खोटं बोलायच्या आणि गोड बोलायच्याही पलीकडे दमला होता.

आवुडैयम्माळनं जरा विचार केला. "माझ्या बहिणीला सांगितलं असतं," तिनं कबूल केलं. "आता ते जाऊ दे. शुक्रवारी मी येणार म्हणून सांगितलंय, तशी येते. पण मी घरी गेल्यावर दुसरं काही कानावर यायला नको. आणखी काय लपवलंय ते आत्ताच सांगून टाका."

"मुलगीही घोरते," सुडलैमुत्तू म्हणाला. "आईइतकी नाही. पण घोरते."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पान काढलं, चुना लावला, आणि या खेपेला तोंडात घातलं. "डॉक्टरला दाखवा तिलाही," ती चघळत म्हणाली. "पोराला मी सांगते. नाही म्हणाला तर फूल घेऊन येणार नाही, निरोप येईल. यापेक्षा जास्त मी काही बोलणार नाही." आणि ती सात्तूरच्या बसला निघून गेली, आणलेल्या मोसंब्यांपैकी दोन स्वतःसाठी परत पिशवीत टाकून.

ऊन उतरलं तसा सुडलैमुत्तू पेच्चीजवळ जाऊन बसला. तिला उशांवर रेलून बसवलं होतं, नाकाला नळी, कानाच्या पाळीला चिमटा. यंत्र आपलं बोलत होतं. ती खिडकीकडे बघत होती. ती त्याच्याशी भांडेल, शुक्रवारचं काय झालं विचारेल, मूदेवीचं नाव काढून रडेल, असं त्याला वाटत होतं. त्यानं त्याची तयारी केली होती.

"सिस्टर सांगत होती," ती म्हणाली, "तुम्ही झोपला होता म्हणे."

"हो."

"दमला असाल."

त्यानं हो म्हणून विषय संपवला असता तर चाललं असतं. कुणाला कळलं नसतं. पण आज त्याच्या तोंडाला कुलूप राहिलं नव्हतं. "नुसता झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "थांबलेलं मला ऐकू आलं होतं, पेच्ची. तुझं थांबलं, ते ऐकलं मी. आणि डोळे मिटले. म्हटलं, येईल आपली आपण. म्हटलं, आज माझी पाळी नाही."

बाहेरून बसस्टँडवरचा पुकारा ऐकू येत होता.

"बरं वाटलं असेल," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी."

त्यानं वर पाहिलं. टोमणा आहे का ते त्यानं तिच्या चेहऱ्यावर शोधलं. टोमणा असता तर त्यानं सोसला असता. पण ती खरंच विचारत होती, पोटभर जेवलात का विचारावं तसं, आणि तिचे डोळे भरून आले होते. आपण झोपलो की नवऱ्याची रात्र जाते, हे तिला सगळी वर्षं ठाऊक होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

"हो," सुडलैमुत्तू म्हणाला. "फार बरं वाटलं गं." आणि तिच्या चांगल्या हातावर कपाळ टेकवून तो रडू लागला.